ओंडक्याची खालची बाजू

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. असं म्हटलं की वाटतं, ठरवून दिलं नाही. ठरवून मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. पत्र आलं, मी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मोठ्या शब्दकोशाखाली सरकवलं. शब्दकोश जड आहे, त्याखालची वस्तू वाऱ्याने उडत नाही आणि सहज हातीही लागत नाही. लिहिणारी बाई दुसऱ्या शहरात लाकूड कुजवणाऱ्या बुरशींच्या एका कुळावर काम करते, त्याच कुळावर, ज्याच्यापायी माझी नोकरीची सगळी वर्षं आणि बरीचशी नजर गेली. तिने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. मी नाव दिलेली जी एकुलती एक जाती आहे, तिच्या मूळ नमुन्याचा नखाएवढा तुकडा. आणि एका प्रश्नाचं उत्तर. ज्या ओंडक्यावर ही बुरशी सापडली तो उभा होता की आडवा, आणि आडवा असेल तर कोणती बाजू जमिनीकडे होती? ‘लेबलवर नेमकं एवढंच नाहीये, सर,’ असं तिने लिहिलं होतं, आणि छापील मजकुराखाली पेनाने, ‘तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे.’ रागावलो नव्हतो. रागवायला माणसाला आधी स्वतःबद्दल थोडी खात्री असावी लागते. मला उत्तर माहीत नव्हतं. ज्या व्यक्तीला माहीत असणार ती पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलेली असायची, आणि तिला विचारणं मला जमत नव्हतं. का जमत नव्हतं याचा विचार मी टाळत होतो. टाळण्यात मी तरबेज आहे.

मग एका सकाळी औषधं घेऊन परत येताना मला ठेच लागली. बँकेच्या भिंतीलगत, मागे कधीतरी वादळात पडलेली एक जाड फांदी कुणीतरी ओढून ठेवली होती आणि ती तिथेच राहिली होती, शहरात वस्तू राहतात तशी. लोक तिला वळसा घालून जायचे, मीही जायचो. त्या दिवशी एखाद्या गाडीने तिला ढकललं असावं. तिचं टोक फुटपाथवर आलं होतं आणि माझा अंगठा त्याच्यावर असा आपटला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. माझ्या पुढे कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं, त्यामुळे शहाणपण वाया जाणार असं मला वाटलं. कोपऱ्यावर चपला शिवणारा ओरडला, “आजोबा, खाली बघून चालावं!” “खालीच बघत होतो,” मी म्हणालो. “मग वर बघून चाला. तुम्हाला तेच लागू पडेल.” मी हसलो आणि अंगठा धरून फांदीवरच बसलो. बसल्यावर हात सवयीने सालीवरून फिरला आणि बुरशीला लागला. फांदी झाडावर होती तेव्हा तिच्या अंगावर बुरशीच्या तांबूस फळ्या आल्या होत्या, एकीखाली एक, भिंतीतल्या कपाटासारख्या. फांदी पडली, तिच्याबरोबर फळ्याही कलंडल्या, आणि आता त्या ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या होत्या. पण बुरशी मेली नव्हती. त्या उभ्या फळ्यांच्या कडांतून नव्या, बारक्या फळ्या फुटल्या होत्या, पुन्हा जमिनीला समांतर. जुन्यांना काटकोनात.

यात नवल काहीच नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं नवख्यांना शिकवलं आहे. या बुरशीच्या पोटाकडे बारीक छिद्रं असतात. छिद्र म्हणजे एका नळीचं तोंड, आणि नळीतून तिची बीजं खाली गळतात. नळी तिरकी झाली तर बीजं आतच चिकटून बसतील. म्हणून छिद्रं जमिनीकडेच हवीत. हिला डोळे नाहीत, कान नाहीत, पण खाली कुठे आहे ते पक्कं कळतं. झाड पडलं तर ती हुज्जत घालत नाही, नव्या ‘खाली’कडे तोंड करून पुन्हा सुरुवात करते. मी बोट त्या काटकोनात ठेवलं आणि एकदम मानेवरून कुणी ओला हात फिरवावा तसं झालं. दोन थर, एकमेकांना काटकोनात. हे शब्द माझेच होते. माझ्या जातीच्या वर्णनात तेच तर तिचं वैशिष्ट्य म्हणून मी लिहिलं होतं: नळ्यांचे दोन थर, मध्ये एक काळसर रेघ, आणि खालच्या थराच्या नळ्या वरच्या थराला काटकोनात. कुळातल्या दुसऱ्या कोणत्याच जातीत असं नाही, म्हणून ही वेगळी. मी फांदीवर बसून राहिलो. चप्पलवाल्याने हाक मारली, “लागलंय का फार?” मी म्हणालो, “बघावं लागेल.”

ही जाती माझ्याकडे आली ती कांद्यांखालून. मी तेव्हा तिशीचा, वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात मदतनीस, आणि माझ्याच्याने काही होणार नाही अशी माझी स्वतःची जवळजवळ खात्री पटलेली होती. वरिष्ठ मला म्हणायचे, “तुम्ही फार काळजीपूर्वक काम करता,” आणि दुसऱ्या कुणाला तरी बढती द्यायचे. आम्ही राहायचो लाकडाच्या वखारीच्या मागे. थोरला भाऊ, आमचा दादा, त्या वखारीत कारकून होता. तो म्हणायचा, “घरात दोन कमावते. एक लाकूड विकतो, एक लाकूड कुजवतो.” मी सांगायचो, मी कुजवत नाही, कोण कुजवतं ते बघतो. “तेच ते,” दादा म्हणायचा. तो गेला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा अजून रांगत होता. वहिनी त्याच्या जागी वखारीच्या ऑफिसात जाऊ लागली. आणि मग एका संध्याकाळी तिने बाजाराची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली, कांदे घरंगळले, आणि त्यांच्यामागून तळहाताएवढं एक तांबूस ढेकूळ पडलं. “वखारीमागच्या ओंडक्यावर होतं, तुझ्या उपयोगाचं आहे का बघ. नसेल तर चुलीत घाल.” मी त्याच्यावर कॉस्टिक पोटॅशचा एक थेंब टाकला. तांबूस मांस क्षणात काळं झालं, शाई सांडल्यासारखं. या कुळाची ही खूण. वहिनी म्हणाली, “अगोबाई, लाजलं की काय!” मी सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप धरला, नळ्यांच्या आत कुळाचे ते तपकिरी काटे होते, एका जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या जातीच्या काट्यांसारखेच, फक्त किंचित आखूड वाटले. पण त्या जुन्या जातीला वर टणक टोपी असते आणि ती उभ्या, जिवंत झाडांवर वाढते. हिला टोपीच नव्हती, नुसती साय धरल्यासारखी पसरलेली. आणि तो काटकोन. मी दोन दिवसांनी वखारीमागे ओंडका बघायला गेलो तर तो फोडून नेला होता. मी तसंच वर्णन लिहिलं. नाव देताना वहिनीच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं. छापून आलं त्या दिवशी मी तिला दाखवलं, तिने ते अक्षर अक्षर वाचलं आणि म्हणाली, “लोकांच्या नावाचे रस्ते असतात. माझ्या नावाची कुजकी बुरशी. शोभतं आपल्या घराला.” पण छापील पान तिने जपून ठेवलं, आणि पुढे डॉक्टरांकडे गेली की नाडी बघता बघता त्यांना सांगायची, “माझ्या नावाची बुरशी आहे बरं का. कुठल्या औषधाने जात नाही.”

आता ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मुलं दूर, आपापल्या संसारात. आम्ही दोघं या दोन खोल्यांत. मी लग्न केलं नाही, म्हणजे तेही ठरवून नाही. घरात शिरलो तेव्हा ती खिडकीशी शेंगा सोलत होती. “लंगडतोस का?” “ठेच लागली.” “कुठे लक्ष असतं देव जाणे. शेंगा सोलायला बस, तेवढाच पाय वर राहील.” मी सोलायला बसलो. विचारायचं होतं ते घशाशी आलं होतं. तिने विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं, अशीच आमच्या घराची रीत होती: कुठे होतास, जेवलास का, पगार झाला का, हे कसलं पुस्तक. उलटा प्रश्न मी तिला कधी विचारलेला मला आठवेना. दादा गेल्यावर ती वखारीतून उशिरा यायची, अंधार पडताना, आणि आई कुरकुरायची, “एवढं काय काम असतं?” मी पुस्तकातून मान वर करून म्हणायचो, “असेल काम.” एवढंच. त्या दिवशीही मी एवढंच केलं असतं, शेंगा संपवून उठलो असतो आणि ठेच बरी झाली असती. पण माझ्या बोटांना अजून तो काटकोन जाणवत होता. मला वाटलं, आधी खात्री करू. विचारण्यापुरती खात्री. आणि मी चपला घालून पुन्हा बाहेर पडलो. वहिनी मागून म्हणाली, “ह्या पायाने? आता कुठे आग लागली?”

संग्रहालयाचा हल्लीचा प्रमुख म्हणजे आमचा उंट. तो नोकरीला लागला तेव्हाच त्याची मान दाराच्या चौकटीला लागायची, म्हणून उंट, आता तो स्वतःच फोनवर म्हणतो, “उंट बोलतोय.” मी मूळ नमुन्याची पेटी मागितली तर त्याने मला खोलीच्या दारापाशी नेलं. “सर, ही सूचना कुणाच्या अक्षरात आहे?” “माझ्या.” “काय लिहिलंय?” “मूळ नमुन्यांना हात लावू नये.” “मग?” मी म्हणालो, “हात नाही लावत. चिमटा लावतो.” तो हसला आणि पेटी काढून दिली. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या कागदाचा वास आला आणि मला क्षणभर वाटलं, आपण रिटायर झालोच नाही, मधली वर्षं कुणाची तरी दुसऱ्याची होती. ढेकूळ होतं तसंच होतं, फक्त मला आठवत होतं त्याहून लहान. मी पात्याने काप घेतला. हात थरथरतो, म्हणून मनगट टेबलावर दाबून धरलं. पहिला काप फाटला. दुसराही. तिसरा चांगला निघाला. मी काटे मोजायला घेतले; तेव्हा मी मोजले होते त्याहून पुष्कळ जास्त, खालच्या थरातले, वरच्या थरातले, कडेचे, मधले. आखूड होते ते कडेचे, अजून पुरते वाढायचे. मधले जुन्या जातीच्या काट्यांएवढेच. आणि वरच्या थराच्या एका कोपऱ्यात, जिथे तेव्हा मी फक्त ‘साल चिकटलेली’ असं लिहून पुढे गेलो होतो, तिथे भिंगाखाली साल नव्हती. तो तुटलेल्या टोपीचा कठीण, भेगाळलेला काठ होता.

म्हणजे ती नवी नव्हती. ती तीच जुनी होती, टोपीसकट. ओंडक्याच्या कडेला वाढत होती, आणि मधेच कुणीतरी ओंडका पाव वळसा फिरवला. बाजू होती ती तळाला गेली. बुरशीने आपलं काम केलं, नव्या ‘खाली’कडे नळ्या सोडल्या. माझ्या जातीचं सगळं वेगळेपण म्हणजे एक वळसा होता. मी स्टुलावरून उठलो नाही. आश्चर्य म्हणजे आधी मला वाईट वाटलं नाही. आधी एक प्रकारचं समाधान वाटलं, गणित सुटल्याचं. आणि त्याच्या मागून, जरा उशिरा, पाय सुन्न झालेला असावा आणि मग मुंग्या याव्यात तसं दुसरं सगळं आलं. उंट म्हणाला, “काय, सर?” मी त्याला दाखवलं. त्याने मान वाकवून बघितलं, बराच वेळ. “तुकडा पाठवायचा तर सही मी करतो,” तो म्हणाला. “पण वहिनींसमोर तुम्हीच जायचं. गेल्या वेळी घरी आलो तर मला विचारत होत्या, माझी बुरशी बरी आहे ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे.” मी म्हणालो, “ठणठणीतच आहे. फक्त ती तिची नाहीये.” बोललो आणि मला ते वाक्य आवडलं नाही.

परतताना मी मुद्दाम चालत आलो. पाय ठणकत होता. रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्यांकडे बघत, ज्यांच्यावर फळ्या होत्या ती मनात टिपत. लोकांना वाटतं, फळी दिसली म्हणजे झाड मेलं. खरं तर या कुळातल्या पुष्कळ जाती झाडाचा जिवंत भाग सोडून देतात. झाडाचं मधलं लाकूड तसंही मेलेलंच असतं, झाड ते फक्त आधाराला बाळगतं. एखादी फांदी मोडते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि तो मेलेला गाभा खात बसते. लाकडाला घट्ट धरणारा जो काळसर भाग असतो तो ती संपवते, आणि मागे पांढरा, कापसासारखा धागा उरतो. बाहेर झाड पानं काढतं, सावली देतं, पोकळीत पक्षी राहतात. मग केव्हातरी झाड पडतं, आणि पडल्यावरही ती त्याच लाकडात चालू राहते, टोपी असो नसो. हे सगळं एकाच जिवाचं एक आयुष्य. आणि मी त्याचे दोन तुकडे करून ठेवले होते: झाड उभं असतानाची ती जुन्या नावाखाली, झाडांची वैरी म्हणून, आणि झाड पडल्यानंतरची ती वहिनीच्या नावाखाली, दुर्मीळ आणि निरुपद्रवी म्हणून. ज्याला एक अर्ध माहीत, त्याला दुसरं अर्ध माहीत नाही. त्या बाईचं काम नेमकं इथेच अडलं असणार. तिच्या पत्रातला प्रश्न किती सौम्य होता ते मला आता कळलं. तिला उत्तर आधीच माहीत होतं. विचारायचंच, असं मी ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द मी पुन्हा एकदा मनात उच्चारून पाहिला.

वहिनीने रेडिओ बंद केला तेव्हा दुपारची उन्हं खिडकीतून तिच्या पायांवर आली होती. मी समोर खुर्ची ओढली. “वहिनी, एक विचारायचं होतं.” “तुला?” ती म्हणाली. “विचार बाबा. आज पाऊस पडेल.” “ती बुरशी तुम्ही ज्या ओंडक्यावरून काढली, तो ओंडका कुणी फिरवला होता का?” “कुणी म्हणजे? मी.” ती इतक्या सहज म्हणाली की मी पुढचं विसरलो. “वखारीच्या मागच्या भिंतीशी पडला होता, विटांवर. विकला जात नव्हता, पोकळ होता ना. बसायला बरा होता, पण सगळ्या कडेला ते तुझं खडबडीत, साडीला अडकायचं. मग एक दिवस जोर लावून लोटला, ते खाली घातलं, गुळगुळीत बाजू वर आली.” “बसायला?” “बसायला म्हणजे बसायला. ऑफिस सुटलं की.” “मग उशीर व्हायचा तो...” “तो तोच उशीर. ऑफिसात काय दिवे लावायचे होते मला?” ती पदराशी चाळा करत राहिली. “घरात शिरलं की सगळ्यांचे चेहरे. सासूबाईंचा एक, पोरांचे दोन, आणि तुझा तर गाढवाने शेत खाल्ल्यासारखा. मला जरा कुणाचं तोंड बघायचं नसायचं. रडायचे वगैरे असं समजू नकोस. पाय लांब करून बसायचे. नंतर एकदा वखारवाला म्हणाला, उद्या फोडायचाय तो. म्हणून शेवटचा उलटून बघितला, तर खाली हे एवढं वाढलेलं. म्हटलं, तुझ्या कामाचं असेल. थोडेच दिवस बसले असेन तिथे.”

“दोन वर्षं,” मी म्हणालो. तिने वर बघितलं. “तुला काय ठाऊक?” “बुरशीत दिसतं. ती दर वर्षी नळ्यांची एक वाढ घालते. तुम्ही फिरवल्यानंतरच्या दोन वाढी आहेत.” मी तेव्हाच्या वर्णनात लिहिलं होतं, ‘खालचा थर दोन वाढींचा, दाट, फिकट.’ ते वाक्य मला पाठ होतं. ती वर बसलेली, पाय लांब करून, आणि खाली अंधारात बुरशी दोन वर्षं नळी नळी करून उतरत गेलेली. मी पलीकडच्या भिंतीआड दिव्याखाली याच कुळाची पुस्तकं वाचत बसलेलो. मला तिच्या पावलांना हात लावावा असं वाटलं. मी लावला नाही. आमच्यात तसं नाही. “दोन वर्षं,” ती हळूच म्हणाली. “असेल बाई. मला वाटलं, थोडे दिवस.”

मग मी तिला सगळं सांगितलं. पत्र, प्रश्न, आजचा काप, टोपीचा काठ. ती लक्ष देऊन ऐकत होती, मुलांच्या तक्रारी ऐकायची तशी, शेवटपर्यंत मधे न बोलता. “म्हणजे माझं नाव जाणार.” “अगदी जात नाही. जुन्या नावाच्या खाली लिहिलेलं राहतं, पर्यायी नाव म्हणून. ग्रंथात कायम.” “खाली.” “हो.” “एकदा लग्नात गेलंच होतं नाव,” ती म्हणाली. “तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता तू विचारतोयस का सांगतोयस?” मला वाटलं होतं ती हसेल, डॉक्टरांना सांगायला एक नवा विनोद करेल, आणि माझी सुटका होईल. मी त्या हसण्यावर विसंबून बोलत होतो, हे तिने विचारल्यावर मला कळलं. “ते चूक आहे, वहिनी. माझं. एका जिवाला दोन नावं झाली.” “असू देत. तिला त्रास होतो का? बुरशीला?” “तिला नाही. जे तिच्यावर काम करतात त्यांना.” “मग मी मेल्यावर पाठव. फार वाट बघावी लागणार नाही त्या मुलीला.” “असं बोलू नका.” “भाऊजी,” ती म्हणाली. रागावली की ती मला भाऊजी म्हणते आणि तुम्हीवर येते. “तुम्ही आयुष्यभर मला हो म्हणत आलात. आजही म्हणाल. मला झोपायचंय आता.”

तिचं बरोबर होतं. मी हो म्हणत आलो. मी टेबलाशी बसलो. पलीकडे ती झोपली नव्हती, कूस बदलल्याचा आवाज येत होता. माझ्या मनात एक सोपी पळवाट तयार झाली: तुकडा पाठवायचा, प्रश्नाचं उत्तर ‘आठवत नाही’ असं द्यायचं. त्या बाईला जे शोधायचं ते ती शोधेल, वहिनीला मी सांगेन की माझ्या हातात काही उरलं नाही. अशा पळवाटा मला फार चटकन सुचतात. पण मग ओंडका कुणी फिरवला ते कुठेच लिहिलं जाणार नव्हतं. नाव खाली जाईल, आणि ते वर का आलं होतं तेही कुणाला कळणार नाही. म्हणतील, एका मदतनीसाने काटे नीट मोजले नाहीत. तेही खरं आहे. पण ती दोन वर्षं खरी आहेत. मी शब्दकोश उचलला, पत्र काढलं, सपाट केलं आणि लिहायला बसलो. माझं अक्षर आता मुंग्यांच्या रांगेसारखं झालं आहे. मी लिहिलं, आपलं म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं. मग ‘असं मला वाटतं’ खोडलं. ओंडका आडवा होता, विटांवर. बुरशी आधी कडेला, टोपीसह. नंतर ओंडका पाव वळसा फिरवण्यात आला. पुढची वाढ तळाशी. लिहून झाल्यावर वाचलं आणि ‘फिरवण्यात आला’ हे मला लबाड वाटलं. मी लिहिलं: नमुना गोळा करणाऱ्या बाईंनी स्वतः फिरवला, कारण त्यांना त्यावर बसायचं होतं.

सकाळी वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि तुम्हीवरूनच विचारलं, “लिहिलंत?” “लिहिलं.” “माझ्याबद्दल काय लिहिलंत?” मी वाचून दाखवलं. ती चष्मा लावून बसली होती, जणू ऐकायलाही तो लागतो. “एका हाताने नाही फिरवला, दोन्ही हात आणि गुडघा लावून,” ती म्हणाली. “एका हाताने असं मी लिहिलंच नाही.” “मग गुडघा लिही.” तू झालं होतं. मी लिहिलं. “आणि वर वखारीचा पाला टाकून ठेवायचे मी, कुणी दुसऱ्याने बसू नये म्हणून. त्याने ओल राहिली असेल, नाही का?” “राहिली असेल. दुसरी वाढ दाट आहे.” “बघ.” तिने चहाचा घोट घेतला. मला वाटलं, मिटलं. मी पत्राची घडी घालायला लागलो. “थांब,” ती म्हणाली. “माझी हरकत आहे, तेही खाली लिही.” “हरकत?” “मला पटलेलं नाही ना. तू पाठवणारच आहेस, ते तुझ्या तोंडावर दिसतंय, आजवर कधी दिसलं नव्हतं. पाठव. पण माझी हरकत आहे. माणसाने हरकत नोंदवावी.” “असं लिहीत नाहीत, वहिनी, शास्त्रात.” “मग आजपासून लिहा.” मी घडी उलगडली आणि सहीच्या खाली लिहिलं: ज्यांच्या नावाने ही जाती आहे त्यांची या बदलाला हरकत आहे. तिने कागद हातात घेतला, ते वाक्य बोटाने वाचलं, पेन मागितलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, लॅटिन शेपटाशिवाय.

उंटाने सही करून दिलेला तुकडा कागदाच्या पुडीत होता, पुडी पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये. मी पोस्टात रांगेत उभा राहिलो. काचेमागच्या बाईने पाकीट चाचपलं. “आत काय आहे?” “बुरशी.” “सांडणार नाही ना?” “वाळलेली आहे. लाकडासारखी.” “जिवंत नाही ना? जिवंत चालत नाही.” मी म्हणालो, “नाही.” तिने वजन केलं, तिकिटं दिली, मी ती चाटून चिकटवली, एक जरा वाकडं बसलं. ते सरळ करावं असं मला वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं. तिने शिक्का मारला, पाकीट मागे फेकलं, ते इतर पाकिटांवर पडलं, घसरलं आणि दिसेनासं झालं. माझ्या मनात तेवढ्यात पाच-सहा दुरुस्त्या आल्या. पहिलं वाक्य जरा उद्धट झालं होतं का. गुडघ्याचं लिहायला नको होतं का. निदान ‘आपला नम्र’ तरी लिहायचं. मी काचेला धरून उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, “आजोबा, झालं ना तुमचं?”

“झालं,” मी म्हणालो, आणि त्याला वाट करून दिली.